बर्टनची शेती, कनेक्टिकटचे आजोबा आणि मधली हरवलेली पिढी

मेपलकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझं सासर ओहायोतलं, जिऑगा काउंटीत बर्टनजवळ. सासरे ऐंशीच्या पुढे आहेत. गाई केव्हाच विकल्या, पण थंडी सरायला लागली की मेपलच्या झाडांना अजून स्वतः नळ ठोकतात. रस आटवायला बसले की त्यांची एकच कथा सुरू होते: तीन भाऊ इंग्लंडहून आले, एक बॉस्टनला राहिला, एक दक्षिणेत गेला आणि तिसरा तो आपला. त्या तिसऱ्याचं पुढे काय झालं म्हणून विचारलं की सासरे भट्टीत लाकूड सारतात. नवऱ्याला यात काडीचा रस नाही. म्हणून हे काम सुनेकडे आलंय, आणि सूनही अशी की तिला स्वतःच्या पणजीचं माहेर सांगता येत नाही. असो.

आडनाव इथे देत नाही, घरात विचारलेलं नाही. शिवाय या घराण्यात दर पिढीला तीच चार नावं फिरवून ठेवलीत, त्यामुळे नावं दिली तर तुमचाही गोंधळच होईल. जे पहिल्यांदा ओहायोत आले त्यांना मी 'ओहायोवाले आजोबा' म्हणते.

त्यांच्याबद्दल पक्कं असं एवढंच. १८५० च्या जनगणनेत ते आहेत: वय ७६, शेतकरी, जन्म कनेक्टिकट. बायको ७२ वर्षांची, तीही तिकडचीच. दफनभूमीतल्या दगडावर मृत्यू ४ मार्च १८५१, वय ७७ वर्षं ५ महिने ९ दिवस असं कोरलंय. मागे मोजत गेले तर जन्म सप्टेंबर १७७३ चा येतो. १८२० च्या जनगणनेत त्यांच्या नावापुढे नुसते आकडे आहेत, आणि त्याआधी ओहायोत काहीच सापडत नाही. घरात सांगतात की १८१६ साली कनेक्टिकटात उन्हाळा आलाच नाही, मका उभ्या उभ्या गोठला, म्हणून पुढच्या वर्षी बैल जुंपून सगळे निघाले.

खरा घोळ त्याच्या मागचा. इंटरनेटवरच्या जवळजवळ प्रत्येक वंशवृक्षात यांना वॉलिंगफर्ड गावात १७७३ साली जन्मलेल्या एका मुलाशी जोडून टाकलंय, आणि तिथून थेट १६३० च्या दशकातल्या जहाजापर्यंत. पुरावा विचाराल तर हा वृक्ष त्या वृक्षाकडे बोट दाखवतो आणि तो याच्याकडे. मला मात्र १८०० आणि १८१० च्या कनेक्टिकटच्या जनगणनेत हेच नाव वेगवेगळ्या गावांत दिसतंय. यातले आमचे कोण, हे कसं ठरवायचं?

दुसरं म्हणजे, आजोबांचे वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्यात होते असं सासरे छातीठोकपणे सांगतात. तेही तपासायचं आहे. डीएनए चाचणीला ते तयार आहेत, फक्त "माझ्या थुंकीत कनेक्टिकट दिसणार का" असं विचारत होते.

प्रेअरीपाखरू

सोपं आहे गं. जनरल लँड ऑफिस, म्हणजे केंद्र सरकारची जमीन विकणारी जुनी कचेरी, तिच्या जमीन-पट्ट्यांची (सरकारकडून मिळालेल्या पहिल्या मालकीच्या कागदांची) सरकारी साइट फुकट आहे. नाव, राज्य, काउंटी टाकलं की मूळ पट्ट्याची प्रत समोर येते. माझ्या नवऱ्याचे पूर्वज आयोवातले, त्यांची जमीन मला अशीच मिळाली. मग नॅशनल आर्काइव्ह्जकडून होमस्टेडची (सरकारने कसण्यासाठी दिलेल्या जमिनीची) अख्खी फाइल मागवली. पाच वर्षं राहून कसल्याचा पुरावा द्यावा लागे ना, त्यामुळे घर केवढं, किती एकर नांगरली, विहीर आहे का, सगळं त्यात. वर शेजाऱ्यांच्या साक्षी. वाचताना वेळेचं भान राहत नाही. डीएनएही करून टाक.

खरेदीखत

प्रेअरीताईंचा रस्ता आयोवाला बरोबर आहे, जिऑगाला नाही. होमस्टेडचा कायदा १८६२ चा, तोवर हे आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. आणि पट्ट्यांच्या साइटवरही ते सापडणार नाहीत. ईशान्य ओहायोचा हा तुकडा कनेक्टिकट राज्याने स्वतःसाठी राखून ठेवला होता, म्हणून त्याचं नाव वेस्टर्न रिझर्व्ह. १७९५ मध्ये त्यातला बहुतेक भाग कनेक्टिकट लँड कंपनीने १२ लाख डॉलरला घेतला आणि पुढे भागधारकांनी आपापला वाटा विकला. केंद्र सरकारने ही जमीन शेतकऱ्याला विकलीच नाही, मग पट्टा येणार कुठून? मोजणीसुद्धा निराळी. केंद्राच्या १७८५ च्या कायद्यातली टाउनशिप (मोजणीचा मोठा चौकोन) सहा मैल बाजूची, इथली पाच.

माझी नोकरी जमिनीचं टायटल, म्हणजे मालकीची साखळी, शोधण्याची होती. उमर काउंट्यांच्या रेकॉर्ड-खोल्यांत गेली, तेव्हा थोडं लांबेल, चालवून घ्या.

मेपलकाठताई, आधी नाव शोधणं थांबवा. नावं दहा जणांची सारखी असतात. पण दहा जण एकाच ओढ्याकाठचे एकाच ओकपासून सुरू होणारे बावीस एकर विकत नाहीत. साधा शेतकरी पुस्तकं लिहीत नाही, पत्रं टिकत नाहीत, पण जमीन घेताना, विकताना, मुलाला देताना आणि मेल्यावर त्याला कागद करावाच लागतो. म्हणून एका नावाचे तीन इसम दिसले की मी प्रत्येक जमिनीचा कागद सुटा मांडतो: कुणी कुणाकडून घेतली आणि ती पुढे कुणी विकली. ज्याने घेतली त्यानेच विकली असणार, किंवा त्याच्या वारसांनी. हिशेब जुळवत गेलात की एकाचे तीन आपोआप वेगळे होतात. आपल्या सातबाऱ्यासारखा सगळं एका पानावर सांगणारा कागद तिथे नाही, मात्र देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोन सूच्या असतात. दोन्ही बघायच्या. लोक घेणाऱ्याची बघून थांबतात आणि निम्मी गोष्ट तिथेच राहते.

सुरुवात शार्डनहून करा, जिऑगाचं ठाणं ते. १८०६ पासूनची काउंटी आहे. (पुढच्यांसाठी सांगून ठेवतो: आजची लेक काउंटी १८४० मध्ये निघाली, तिचा बराच भाग आधी जिऑगातच होता, म्हणून तिकडच्या जुन्या जमिनीही शार्डनलाच शोधायच्या.) आजोबांच्या नावाचं पहिलं खरेदीखत काढा. खतात घेणारा कुठला राहणारा ते लिहिलेलं असतं. गाडी जुंपण्याआधी कनेक्टिकटातच व्यवहार झाला असेल तर तिकडचं गाव तुम्हाला पहिल्या चार ओळींत मिळेल. खताची तारीख आणि नोंदीची तारीख यांत वर्षांचं अंतर पडू शकतं, तेव्हा सूचीत १८१७ ला अडकून बसू नका, पार १८५१ च्या पुढेपर्यंत चाळा. विकणारा कोण तेही टिपून घ्या. रिझर्व्हमधल्या जमिनीचे कितीतरी मालक कनेक्टिकटातच बसलेले होते, आणि शेतकऱ्याची तिकडची जुनी शेती घेऊन त्या बदल्यात इकडचं जंगल देत. तसं असेल तर त्याच माणसाच्या नावाने दुसरं खत कनेक्टिकटात सापडेल. असे जोडकागद हाती आले की माझा तो दिवस साजरा व्हायचा.

कनेक्टिकटात मात्र काउंटीच्या कचेरीत जाऊ नका. तिथे जमिनीची दप्तरं गावोगावच्या टाउन क्लर्ककडे. आणि बायकोची सहीही शोधत बसू नका. ओहायोत नवऱ्याने जमीन विकली की बायको आपला डावरचा हक्क (विधवा म्हणून नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क) सोडल्याची सही करते, त्यामुळे तिचं नाव फुकटात मिळतं. कनेक्टिकटात डावर फक्त नवरा मरताना त्याच्या नावावर असलेल्या जमिनीवर होता, म्हणून विक्रीला तिची सही लागतच नसे. नाव दिसलं नाही म्हणजे तो बिनलग्नाचा असा अर्थ काढू नका.

तिकडे दोन प्रकारचे कागद खास बघा. एक, बापाने मुलाला जमीन दिल्याचा. त्यात किमतीऐवजी किंवा किमतीबरोबर मायेपोटी देतो अशी भाषा असते आणि 'माझा मुलगा' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. दोन, बाप मेल्यावर बाहेरगावी गेलेल्या भावंडांनी आपला हिस्सा गावातल्या भावाला सोडून दिल्याचा. त्यात 'ओहायोतल्या जिऑगा काउंटीचा रहिवासी' असं आलं की वाद संपला. पण तो कागद आजोबांच्या नावाखाली मिळेलच असं नाही, सूचीत अनेकदा पहिल्याच भावंडाचं नाव असतं आणि पुढे 'इत्यादी'.

हे सगळं घरबसल्या होतं. फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या साइटवर यातल्या बऱ्याच वह्यांची छायाचित्रं फुकट आहेत, आणि आता हस्ताक्षर वाचून आतल्या मजकुरात शोध घेण्याचीही सोय झालीय. सूचीत न आलेले साक्षीदार आणि शेजारी त्यात सापडतात. शेजारी लिहून ठेवत जा. ही माणसं एकटी कधी निघाली नाहीत. बर्टनला जे शेजारी, तेच तिकडेही शेजारी निघतात, नाहीतर मेहुणे.

दगडीपाटी

खरेदीखत यांनी जमिनीचं सांगितलं, मी वंशवृक्षांबद्दल बोलते, कारण ते वाचून माझं डोकं फिरतं.

वॉलिंगफर्डचा मुलगा १७७३ चा, आमचा माणूस १७७३ चा, नाव एक, झालं, जोडा! तो मुलगा मोठा झाला का, हे कुणी बघितलं? त्या काळात मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत होती. कनेक्टिकटच्या गावांच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या साधारण १८५० पर्यंतच्या नोंदी बार्बर संग्रहात अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. फक्त जन्माची ओळ उचलू नकोस, त्याच आडनावाखालचे मृत्यूही वाच. संग्रह म्हणजे सूचीच, शेवटी मूळ वही बघायची.

ओहायोत १८२० च्या मागे काही मिळत नाही, यात तुझा दोष नाही. तिथल्या १८०० आणि १८१० च्या जनगणनेचे कागद जवळजवळ सगळे गेलेत. त्यांची जागा काउंटीच्या कर-याद्या भरून काढतात. नाव यादीत कोणत्या साली पहिल्यांदा येतं ते बघ, म्हणजे घरातली १८१७ ची गोष्ट खरी की खोटी तेही कळेल. उन्हाळा न आल्याची आठवण मात्र खरी आहे. १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडात जून, जुलै, ऑगस्टमध्येही दहिवर गोठलं. फक्त त्या वर्षानंतर ओहायोला आलेलं प्रत्येक घर त्यामुळेच आलं असं नव्हे. दगडाळ जमीन, पाच-सहा मुलगे आणि वाटून वाटून उरलेले तुकडे, हे कारण आधीपासून होतंच.

१८२० चे 'नुसते आकडे' टाकून देऊ नकोस. त्यात पुरुषांचा १६ ते १८ असा एक रकाना आहे आणि त्याच्या शेजारी १६ ते २६ चा. पहिल्यातले दुसऱ्यात पुन्हा मोजलेले असतात, म्हणून सरळ बेरीज केलीस तर घरात एक भुताचा मुलगा वाढेल. शेती करणारे किती याचाही रकाना आहे. १८५० मध्ये माहीत असलेली मुलं त्या वयोगटांत बसवून बघ, जो आकडा उरतो तो आधी लग्न होऊन गेलेल्या मुलीचा असू शकतो. मुलींकडून जा. त्यांच्या मुलांच्या चरित्रात कधीकधी आजोळचं गाव लिहिलेलं असतं.

वॉशिंग्टनच्या सैन्याचं: कनेक्टिकटचे बरेच शेतकरी काही महिन्यांपुरते मिलिशियात (गावच्या हंगामी फौजेत) जाऊन पेरणीला परत येत, आणि नातवंडांच्या तोंडी त्याचं 'वॉशिंग्टनबरोबर होते' होतं. पेन्शनची फाइल असेल तर सोनंच. १८१८ च्या कायद्याने गरीब असलेल्या कॉन्टिनेंटल (म्हणजे नियमित फौजेतल्या) सैनिकांना मिळालं. १८३२ च्या कायद्यात सहा महिने सेवा केलेले मिलिशियावालेही आले, आणि त्यांनी कोर्टात शपथेवर जन्मगाव, भरती झाले ते गाव, नंतर कुठे कुठे राहिले हे सांगितलंय. विधवांना लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून काहींनी घरच्या बायबलचं पानच फाडून वॉशिंग्टन शहरातल्या कचेरीला पाठवलं. ती पानं अजून फायलींत आहेत! पण वडील १८१८ च्या आधीच गेले असतील तर फाइल नसण्याचीच शक्यता जास्त, आणि पेन्शनचे १८०० पूर्वीचे अर्ज त्या साली युद्धखात्याला लागलेल्या आगीत जळाले. फाइल नाही म्हणजे माणूस सैन्यात नव्हता असं होत नाही. त्या वेळी भरतीच्या याद्या बघायच्या.

डीएनएबद्दल सासऱ्यांना सांग, थुंकीत कनेक्टिकट दिसत नाही. नेहमीच्या चाचणीत दर पिढीला वाटा अर्धा होत जातो, त्यामुळे १७७३ च्या माणसाचं फार थोडं शिल्लक असतं. त्यांचं आडनाव बापाकडून बापाकडे सरळ आलं असेल तर वाय-डीएनए (फक्त बापाकडून मुलाला जाणाऱ्या भागाची चाचणी) करा. वॉलिंगफर्डच्या घराण्यातला एखादा पुरुष वंशज चाचणीला तयार झाला आणि जुळलं नाही, तर तो वृक्ष गेला. जुळलं तर मात्र उड्या मारू नकोस. दोन गावची दोन घरं एकाच मूळ पुरुषाची असू शकतात.

मेपलकाठ

दगडीपाटीताई, खरेदीखतकाका, तुमच्यामुळे गेले काही दिवस घरात स्वयंपाक उरकण्यापुरताच होतोय.

शार्डनच्या वहीत खत मिळालं! केलेलं १८१७ चं, नोंदलेलं १८१९ चं. घेणारा 'लिचफिल्ड काउंटीतल्या टॉरिंग्टनचा'. वॉलिंगफर्डचा कुठे उल्लेख नाही. विकणारा कनेक्टिकटचाच. म्हणून टॉरिंग्टनच्या वह्या उघडल्या, तर आजोबांनी १८१७ मध्ये तिथली शेती त्याच माणसाला विकलेली. काका, तुमचे जोडकागद.

ती शेती त्यांच्याकडे आली कशी हे मागे शोधलं तेव्हा १७९८ चं एक खत निघालं. बापाने 'माझा मुलगा' म्हणून चाळीस एकर दिलेत. बापाचं नावही तेच, अर्थातच! या माणसांना नावांचा एवढा तोटा का होता?

वॉलिंगफर्डचा मुलगा १७७६ साली गेलाय. त्याच आईबापांनी १७७८ मध्ये पुढच्या मुलाला तेच नाव ठेवलं. म्हणजे ज्याच्यावर सगळी झाडं उभी आहेत तो तिसऱ्या वर्षीच वारला होता.

सासऱ्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "चाळीस एकर? दगड किती होते त्यात?" तीन भावांचं त्यांनी अजून सोडलेलं नाही.

आता टॉरिंग्टनच्या या बापाचं मूळ कुठे शोधू? टॉरिंग्टनच्या जन्मनोंदीत तो नाही. आणि १८५० च्या शेतीच्या वेगळ्या याद्या असतात म्हणे, त्या बघण्यात अर्थ आहे का?

खरेदीखत

वा. १७९८ चा कागद छापून भिंतीवर लावा.

शेतीच्या याद्या जरूर बघा. वंश पुढे सरकणार नाही, पण सासऱ्यांना त्यातच जास्त मजा येईल. १८५० ते १८८० च्या या याद्यांत प्रत्येक शेताचे लागवडीखालचे आणि पडीक एकर, दुभत्या गाई, बैल, लोणी आणि चीज किती पौंड, आणि मेपलची साखर किती, असे रकाने आहेत. तुमचा भाग चीजसाठी इतका नावाजलेला होता की रिझर्व्हला चीजडम म्हणत. १८५० मध्ये वर्षाचं उत्पन्न शंभर डॉलरच्या आत असलेलं शेत यादीत घेतलेलं नाही, तेव्हा म्हाताऱ्याच्या नावावर नसेल तर शेजारच्या मुलाच्या नावावर बघा.

आता टॉरिंग्टन. गावाची वस्ती १७३० च्या दशकाच्या अखेरची, आणि तिथली जमीन विंडसरच्या लोकांना वाटून दिलेली होती. म्हणून या बापाचा किंवा त्याच्या बापाचा माग आधी विंडसरला घ्या, मग विंडसरमधून फुटलेल्या शेजारच्या गावांना. १७९८ च्या जमिनीची साखळी आणखी मागे न्या. ती मूळ वाटपातल्या हिश्शाला जाऊन भिडली तर हिस्सेदाराचं नाव तिथेच आहे.

त्याच्या जोडीला प्रोबेट, म्हणजे मेलेल्याच्या मालमत्तेचे कोर्टातले कागद. त्या काळी टॉरिंग्टन लिचफिल्डच्या प्रोबेट विभागात होतं, आणि मूळ कागद हार्टफर्डच्या स्टेट लायब्ररीकडे असतात. मृत्युपत्र नसलं तरी निराश होऊ नका, उलट बरं. मृत्युपत्रात बाप ज्याला आधीच जमीन दिली त्या मुलाला गाळूनही टाकतो. मृत्युपत्राविना मेला तर वाटणी कोर्ट करतं, आणि वाटणीत सगळी पोरं येतात, विधवेचा तिसरा हिस्सा येतो, लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावासकट येतात. इन्व्हेंटरी (मागे राहिलेल्या मालमत्तेची यादी) सावकाश वाचा. नांगर, मेंढ्या, कातायचा चाक, बायबल असं उतरत जातं आणि मधेच एखाद्या ओळीत माणूस असतो, पौंडांत किंमत लावलेला. कनेक्टिकटात गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा १७८४ चा, पूर्ण बंद १८४८ मध्ये. साध्या शेतकऱ्यांच्या घरीही हे सापडलं आहे मला. सापडलं तर ते नावही उतरवून ठेवा. त्याचाही माग कुणीतरी काढत असतं.

चर्चच्या मंडळीच्या वह्यांचं कुणी बोललं नाही. काँग्रिगेशनल चर्चमध्ये गाव सोडताना जुन्या मंडळीकडून पत्र घेऊन नव्या मंडळीत दाखल व्हायचं असे. आजोबा कधी चर्चला फिरकले नसतील, पण आजीबाईंचं नाव बर्टनच्या यादीत 'टॉरिंग्टनहून पत्राने' असं मिळायला हरकत नाही. त्यांच्या माहेरचा रस्ता तिथूनच निघेल.

एक सावधगिरी. विंडसरला पोचलात की १७५२ च्या आधीच्या तारखा लागतील. तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते २४ मार्चमधल्या नोंदींना १७३१/३२ असं जोडसाल लिहिलेलं दिसेल. काहींनी एकच लिहिलंय आणि कोणतं ते सांगितलेलं नाही. दोन मुलांत चारच महिन्यांचं अंतर निघालं, किंवा लग्नाच्या आधी बारसं झालेलं दिसलं, तर कुणाच्या चारित्र्यावर जाण्याआधी महिना बघा. आणि तुमच्या वहीत साल सुधारून लिहू नका. नोंदीत जसं आहे तसंच उतरवा, हिशेब शेजारी मांडा.